पहिली-दुसरीच्या वर्गात शरीराची सुरक्षितता कशी शिकवावी

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची घटना उजेडात आली आणि त्यानंतर शाळाशाळांतून ‘गुड टच, बॅड टच’चे कार्यक्रम झाले. पुष्कळ ठिकाणी त्यांचे रूप एकच होते: पहिलीपासून सातवीपर्यंतची सगळी मुले पटांगणात बसवायची, पाहुण्यांनी माइकवर अर्धा तास बोलायचे, फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हाती यातून फारसे काही लागत नाही. त्याला हा विषय वर्गात, रोजच्या बाईंकडून किंवा गुरुजींकडून, थोडा थोडा आणि पुन्हा पुन्हा शिकावा लागतो.

हा लेख पहिली-दुसरीला हा विषय प्रथमच शिकवणाऱ्यांसाठी आहे. अंगणवाडीताईंनाही थोडा सोपा करून वापरता येईल. क्रम असा आहे की पहिला पाठ यायला वेळ लागेल, आणि ते मुद्दाम केले आहे. पाठ नीट झाला, तर वर्गातले एखादे मूल काहीतरी सांगेल. ते ऐकायला, नोंदवायला आणि पुढे न्यायला शाळा तयार नसेल, तर पाठ लांबणीवर टाका आणि आधी तयारी करा. मुलाला सुरक्षित ठेवणे हे मोठ्यांचे काम आहे. पाठ म्हणजे त्या कामाचा एक भाग. ते काम मुलाच्या खांद्यावर देण्याचा मार्ग नव्हे.

१. पाठाआधी शाळेची तयारी

मुख्याध्यापकांशी बोला आणि त्यांची परवानगी लेखी घ्या. विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडून इतिवृत्तात नोंदवून घ्या. पुढे एखाद्या पालकाने आक्षेप घेतला, तर तुम्ही एकटे पडणार नाही. राज्यात २०२२ पासून शाळांमध्ये सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेकडे लक्ष देणारी समिती, असणे अपेक्षित आहे. तुमच्या शाळेत ती फक्त फलकावर असेल, तर बैठक बोलवायचे हेच निमित्त समजा.

जवळ ठेवायचे कागद:

- मुख्याध्यापकांची परवानगी आणि समितीच्या ठरावाची प्रत
- पालकांना दिलेल्या पत्राची प्रत आणि पालकसभेची हजेरी
- सहा तासिकांचे टाचण
- एका पानावर लिहिलेले संपर्क: चाइल्डलाइन १०९८, आपत्कालीन ११२, तुमच्या हद्दीतले पोलीस ठाणे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बाल कल्याण समिती, जवळचे सरकारी रुग्णालय
- मुलाचे बोलणे लिहून ठेवण्यासाठी कोरे नोंदपत्रक, पाकीट, आणि मुख्याध्यापकांच्या कपाटातला कुलूप लागणारा एक कप्पा

१०९८ ही मोफत आणि चोवीस तास चालणारी सेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली. आता ती सरकार चालवते. जिल्हा बाल संरक्षण कक्षाला मात्र पाठांआधीच फोन करून ठेवा. तिथे कोण भेटते, तालुक्याला कोण येऊ शकते, हे प्रसंग येऊन ठेपल्यावर शोधत बसायची वेळ येऊ नये.

कायद्यातले एवढे तरी माहीत असलेच पाहिजे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, म्हणजे पॉक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण त्यात बालक आहे, मुलगा असो की मुलगी. असा गुन्हा घडल्याचे कळले किंवा घडण्याची भीती वाटली, तर पोलिसांना कळवणे कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला, तर कैद एक वर्षापर्यंत जाते. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला मात्र कायद्याचे संरक्षण आहे, चौकशीत पुढे काही निघाले नाही तरी.

इमारतीतून एक फेरी मारा. मुलींचे स्वच्छतागृह कुठे आहे, तिथे उजेड आहे का, दाराची कडी आतून लागते का आणि अडचण आल्यास मूल ती उघडू शकते का, सुट्टीत तिकडे कुणाचे लक्ष असते? वर्गात कुणी एकटे मूल आणि एक मोठा माणूस दार लावून बसणार नाही, हा नियम सगळ्या कर्मचाऱ्यांना लेखी द्या. कंत्राटी कर्मचारी, व्हॅनचे चालक, खेळाचे प्रशिक्षक यांची चारित्र्य पडताळणी झाली आहे का ते पाहा. मुलांना सांगण्याआधी ही कामे झालेली असावीत.

२. पालकसभा

पंचेचाळीस मिनिटे पुरतात. पेरणीच्या किंवा काढणीच्या दिवसांत सभा ठेवू नका, आणि फक्त आयांना बोलावू नका. निरोपात ‘आई आणि बाबा दोघेही’ असे स्पष्ट लिहा. ज्या घरात मूल दिवसभर आजी-आजोबांकडे असते, तिथे त्यांनाही बोलवा.

पत्र असे साधे असू द्या:

“आपल्या पाल्याच्या वर्गात पुढील तीन आठवडे ‘माझी सुरक्षितता’ या विषयाच्या सहा तासिका होणार आहेत. मुले त्यांत रस्ता, आग, पाणी यांबद्दलचे नियम, शरीराच्या भागांची नावे, शरीराच्या सुरक्षिततेचे नियम आणि मदत कुणाकडे मागायची हे शिकतील. यात लैंगिक शिक्षण नाही. वापरायची चित्रे सभेत दाखवली जातील. कृपया यावे.”

सभेत खरोखरच चित्रे दाखवा. पाहिल्यावर निम्मा विरोध मावळतो.

‘इतक्या लहान मुलांना हे कशाला?’ असे कुणीतरी विचारणारच. २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले होते, आणि त्यांच्यात मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा थोडे जास्त, ५२.९४ टक्के होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. ‘फक्त मुलींना सांगा’ या सूचनेलाही हेच आकडे उत्तर देतात.

पालकांकडून दोनच गोष्टी मागा. एक, घरी शरीराच्या भागांना जी नावे आहेत ती तुम्हाला कळवावीत. दोन, मुलाला कुणाची पापी घ्यायला, मांडीवर बसायला किंवा गळ्यात पडायला जबरदस्ती करू नये. पाहुणे आले की ‘काकांना पापी दे’ हा आग्रह आपल्याकडे लाडाने होतो. पण मोठ्यांपुढे आपल्या ‘नको’ला किंमत नाही, हे मूल त्यातून शिकते. नमस्कार केला तरी आदर होतोच.

३. वेळ कशी निवडायची

आठवड्याला दोन, अशा तीन आठवड्यांत सहा तासिका घ्या, प्रत्येकी तीस मिनिटांच्या. सोमवार ते बुधवार हे दिवस उत्तम. शनिवारी किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी हा पाठ कधीही ठेवू नका. ऐकून मूल अस्वस्थ झाले किंवा त्याला काही सांगावेसे वाटले, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही भेटायला हवे.

पोषण आहाराच्या आधीची तासिका सोयीची पडते. पाठ संपल्यावर मुले जेवायला बसतात, हुंदडतात, आणि तुम्ही तिथेच असता. ज्या मुलाला वर्गात बोलता आले नाही ते याच वेळी जवळ येऊन घुटमळते. तेव्हा ऑफिसात रजिस्टर भरत बसू नका.

बीड, अहिल्यानगर, नाशिकचा काही भाग अशा ठिकाणी ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुले दसरा-दिवाळीच्या सुमारास निघून जातात. त्यांच्यासाठी पाठ ऑगस्टअखेर झालेच पाहिजेत. पुढचे काही महिने ही मुले फडावर, कोपीत, दार नसलेल्या घरात राहतात. पट भरलेला असतानाच हा विषय घ्या.

द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एकत्र आणि तिसरी-चौथी वेगळी बसवा. मुलगे आणि मुली या वयात वेगळे करू नका. वेगळे केले की यात काहीतरी लपवायचे आहे, असा अर्थ मुले आपणच लावतात. वर्गात दुसरी मोठी व्यक्ती असावी: सहशिक्षिका, अंगणवाडीताई किंवा समितीतली सदस्य. तुम्ही शिकवत असताना तिने मुलांचे चेहरे पाहायचे.

४. साहित्य

- तपकिरी कागदाचे दोन मोठे ताव जोडून काढलेली मुलगा आणि मुलगी यांची बाह्याकृती. ती हाताने काढा; कुठल्याही मुलाला कागदावर झोपवून त्याच्याभोवती रेघ मारू नका.
- कागदाची किंवा कापडाची चड्डी-बनियन, चित्रावर चिकटवता येईल अशी
- कापडी बाहुल्या दोन
- प्रसंगांची बारा चित्रकार्डे, पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराची
- पटसंख्येइतके कोरे कागद आणि रंगखडू

काळा चष्मा घातलेला, मिशीवाला, हातात चॉकलेट धरलेला राक्षसी माणूस असलेले तयार पोस्टर मिळते. ते लावू नका. असा माणूस मुलाच्या आयुष्यात येतच नाही; येतो तो हसतमुख, ओळखीचा, लाड करणारा. पोस्टर पाहिलेले मूल त्याला ओळखू शकत नाही.

५. पहिल्या दोन तासिका: नियम आणि नावे

पहिल्या तासिकेत शरीराचा विषय काढायचाच नाही. रस्ता ओलांडताना काय करायचे, चुलीजवळ का खेळायचे नाही, विहिरीत का वाकायचे नाही, कुत्रा चावला तर काय करायचे, हे विचारा. मुले भराभर सांगतात. प्रत्येक उत्तरानंतर एकच वाक्य जोडा: “हा सुरक्षित राहायचा नियम आहे, आणि काही झालं तर मोठ्यांना सांगायचं.” कुत्रा चावल्याचे घरात लपवायचे नाही, हे मुलांना पटते. तीच सवय पुढे उपयोगी पडते.

दुसऱ्या तासिकेत चित्र लावा आणि डोक्यापासून पायापर्यंत नावे घ्या. केस, डोळे, नाक, तोंड, खांदे, छाती, पोट, शूची जागा, शीची जागा, मांडी, गुडघा. आवाज बदलू नका, थांबू नका, हसू नका. मुले हसतील. हसू द्या, आणि म्हणा: “हसू आलं ना? चालेल. हे पण आपल्या अंगाचे भाग आहेत.” मग पुढे चला. रागावलात तर विषय तिथेच बंद होतो.

घरात या भागांना वेगवेगळी लाडाची नावे असतात. ‘त्याने माझ्या फुलाला हात लावला’ असे मूल सांगते आणि ऐकणारा कुंडीतले फूल समजून सोडून देतो. म्हणून सगळ्या वर्गाला समजेल असे एक नाव पक्के करा. पारधी, भिल्ल, कोरकू, गोंड वस्तीवरच्या मुलांसाठी त्यांच्या घरच्या भाषेतली नावे अंगणवाडीताईंकडून आधी माहीत करून घ्या आणि पाठात दोन्ही वापरा.

मग चित्राला चड्डी-बनियन चिकटवा. “याच्याखाली झाकलेले भाग आणि आपलं तोंड, हे आपले खासगी भाग. मुलाचेही, मुलीचेही.” एवढ्यावर तासिका संपवा. उरलेल्या वेळात मुलांना कपडे घातलेले चित्र रंगवू द्या. कुठल्याही मुलाला स्वतःच्या अंगावर हात ठेवून भाग दाखवायला सांगू नका, आणि तुम्ही समजावण्यासाठी मुलाला स्पर्श करू नका. सगळे चित्रावर किंवा बाहुलीवर.

६. तिसरी तासिका: नियम सांगा, भावना विचारू नका

बहुतेक पाठ इथेच फसतात. ‘आवडला तो चांगला स्पर्श, नाही आवडला तो वाईट’ असे शिकवणे सोपे वाटते. पण इंजेक्शन आवडत नाही, आणि ते वाईट नसते. उलट अत्याचार करणारा माणूस बहुधा गुदगुल्या, खेळ, लाड यांतून सुरुवात करतो. मुलाला ते आवडूही शकते. मग नंतर मुलाला वाटते, ‘मला आवडलं होतं, म्हणजे चूक माझीच.’ सहा वर्षांच्या मुलाला भावनेवरून निवाडा करता येत नाही. नियम मात्र लक्षात ठेवता येतो.

नियम तीन भागांत, हाताच्या खुणांसह म्हणून घ्या:

“माझ्या खासगी भागांना कुणी हात लावायचा नाही.” (हात पुढे)
“कुणी बघायचे नाहीत, फोटो काढायचा नाही.” (डोळ्यांवर हात)
“कुणी स्वतःचे मला दाखवायचे नाहीत, हात लावायला सांगायचं नाही.” (मानेने नकार)

मोबाइलवर उघड्या माणसांची चित्रे दाखवणे हेही तिसऱ्यात येते, असे सांगा. कपड्यांवरून हात लावला तरी नियम मोडतो, हेही सांगा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कातडीला कातडी लागली नाही म्हणून पॉक्सोचा गुन्हा नाही असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निर्णय रद्द केला.

मग अपवाद. आंघोळ घालताना किंवा शी धुताना घरचे माणूस हात लावते. डॉक्टर तपासताना लावतात, पण तेव्हा आई-बाबा किंवा घरचे मोठे माणूस सोबत असते. अपवादाची ओळखायची खूण मुलाला द्या: कारण स्वच्छतेचे किंवा दुखण्याचे असते, आणि ‘कुणाला सांगू नको’ असे कुणी म्हणत नाही. अपंग मुलाला शू-शीसाठी मदत लागत असेल, तर ती कोण करणार, कधी, कुठे, हे पालकांसोबत नावानिशी ठरवा आणि मुलाला चित्रांतून दाखवा.

नियम मुलांनाही लागू आहे. या वयात मुले एकमेकांची चड्डी ओढतात, डॉक्टर-डॉक्टर खेळतात. “हा नियम आहे, दुसऱ्याच्या खासगी भागाला आपणही हात लावायचा नाही,” एवढे शांतपणे सांगून खेळ बदला. मात्र एखादे मूल जबरदस्ती करत असेल, पुन्हा पुन्हा करत असेल किंवा वयाला न शोभणारे काही जाणत असेल, तर त्याला शिक्षा करू नका. त्याच्यासोबत काही घडले असण्याची शक्यता आहे.

७. चौथी तासिका: प्रसंग

चित्रकार्डे काढा आणि प्रत्येकासाठी विचारा: नियम मोडला का? मग काय करायचे? बारापैकी निम्मी कार्डे निर्धोक प्रसंगांची असावीत: आजी तेल लावते आहे, दादा पाठीवर थाप मारतो आहे, नर्सबाई दंडावर लस टोचत आहेत. उरलेल्या कार्डांत माणसे बदलती ठेवा: शेजारचा मोठा मुलगा, घरी येणारी बाई, शिकवणीचे सर, नातेवाईक, अनोळखी माणूस. प्रत्येक वेळी ‘एक काका’ म्हणत राहिलात, तर मुले सगळ्या काकांना घाबरतात आणि इतरांबद्दल बेफिकीर राहतात.

काय करायचे ते तीन शब्दांत: “नाही म्हण, दूर जा, सांग.” मुलांना उभे करून मोठ्या आवाजात ‘नाही! मी सांगणार!’ म्हणायचा सराव द्या. नुसते ऐकण्यापेक्षा म्हणून पाहिलेले मुलांच्या अंगवळणी पडते. नियम मोडणाऱ्या माणसाची भूमिका बाहुलीला द्या. ती मुलाला देऊ नका, स्वतःही करू नका.

आणि याच तासिकेत, सावकाश, दोनदा सांगा:

“कधी कधी नाही म्हणता येत नाही. भीती वाटते, आवाज फुटत नाही. तरी चालेल. पळता आलं नाही तरी चालेल. आधी सांगितलं नाही आणि आता सांगावंसं वाटलं, तरी चालेल. चूक मुलाची नसते. कधीच नसते.”

हे गाळलेला पाठ अपाय करतो. वर्गात असे मूल बसलेले असू शकते, ज्याला नाही म्हणता आले नव्हते. ‘नाही म्हण’ एवढेच ऐकून ते स्वतःला दोषी धरेल आणि अधिकच गप्प होईल.

८. पाचवी तासिका: गुपिते

‘बाबांच्या वाढदिवसाला आणलेली भेट’ ही गंमत आहे; ती थोडे दिवस लपवतो, मग सगळ्यांना कळते आणि सगळे हसतात. ‘हे आपल्या दोघांतच, सांगितलंस तर आई रागावेल’ हे गुपित ठेवायचे नाही. स्पर्शाचे, फोटोचे, खाऊच्या बदल्यात मागितलेले गुपित तर कधीच नाही. शपथ घातली तरी ती मोडायची, हे नाव घेऊन सांगा. आपल्याकडची मुले ‘आईची शप्पथ’ फार मनावर घेतात. आईची शपथ मोडल्याने आईला काही होत नाही, हे तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नाही.

९. सहावी तासिका: कुणाला सांगायचे

मुले कागदावर स्वतःचा हात ठेवून रेघ मारतात आणि बोटांवर विश्वासाच्या माणसांची चित्रे काढतात. एक बोट तरी घराबाहेरचे आणि एक शाळेतले असू द्या. अंगठा सोडून चारही भरलीच पाहिजेत असा हट्ट नको. दोन भरली तरी पुरे. अंगठ्यावर सगळ्यांनी १०९८ लिहायचे आणि ‘दहा, नऊ, आठ’ असे म्हणायचे.

कागद भिंतीवर लावू नका, मोठ्याने वाचून घेऊ नका. एखाद्या मुलाने नेमके त्रास देणाऱ्याचेच चित्र काढलेले असू शकते. मुलांचे तसे होते, कारण ते माणूस लाडही करत असते. म्हणून वाक्य असे शिकवा: “एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांग. कुणीतरी ऐकेपर्यंत सांगत राहा.” बाहुलीला घेऊन हे करून दाखवा: बाहुली स्वयंपाक करणाऱ्या आईला सांगते, आई म्हणते ‘नंतर’, बाहुली आजीकडे जाते, मग बाईंकडे. आश्रमशाळेतल्या मुलांची घरची माणसे दूर असतात. त्यांना वसतिगृहातला फोन कुठे आहे आणि तो विचारल्याशिवाय वापरता येतो का, ते प्रत्यक्ष दाखवा.

१०. मूल काही बोलले तर

भर वर्गात बोलले, तर थोपवू नका आणि खोदूही नका. “तू सांगितलंस ते बरं केलंस. मला नीट ऐकायचंय, आपण आत्ता सुट्टीत बोलू.” पाठ सहज आवाजात पुढे न्या आणि त्याच दिवशी, पहिल्या मोकळ्या वेळी बोला. जागा अशी हवी की लोकांना तुम्ही दिसाल, पण ऐकू जाणार नाही. व्हरांड्याचे टोक चांगले.

विचारायचे प्रश्न: “काय झालं ते सांगशील?” “मग काय झालं?” एवढेच. टाळायचे: “त्याने इथे हात लावला का?” “तू ओरडली का नाहीस?” “नक्की ना?” पहिल्या प्रश्नाने उत्तर मुलाच्या तोंडी घातले जाते आणि पुढे न्यायालयात तेच मुलाच्या विरोधात वापरले जाते, बाकीचे दोन मुलाचा धीर मोडतात. ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असे वचन देऊ नका. म्हणा: “तुला सुरक्षित ठेवायला मला आणखी एक-दोन माणसांना सांगावं लागेल.”

नंतर तासाभरात लिहून काढा. मुलाचे शब्द जसेच्या तसे, अवतरणात, तारीख, वेळ, तुम्ही काय विचारले ते. ‘लैंगिक छळ’ असा तुमचा शब्द मुलाच्या तोंडी घालू नका. सही करून पाकीट बंद करा. मुख्याध्यापकांना तुम्ही सांगा. मुलाकडून पुन्हा वदवून घेऊ नका. समितीसमोर, सरपंचासमोर, पोलीस पाटलासमोर तर नाहीच.

मग कळवा, त्याच दिवशी. हद्दीतल्या पोलीस ठाण्यात किंवा विशेष बाल पोलीस पथकाकडे. आधी शाळेची चौकशी, मग पोलीस, असा क्रम कायद्यात नाही. पुरावे गोळा करणे तुमचे काम नाही. ज्याच्यावर संशय आहे त्याला बोलावून विचारू नका. तो मुलाला धमकावेल किंवा पळेल. ‘गावातच मिटवू’, ‘शाळेचे नाव जाईल’, ‘मुलीचं पुढे लग्न कसं होईल’ हे सगळे ऐकावे लागेल. उत्तर एकच: कळवले नाही तर गुन्हा आमच्यावर आहे.

पालकांना त्याच दिवशी विश्वासात घ्या. मात्र बोट घरातल्याच माणसाकडे असेल, तर आधी १०९८ वर किंवा बाल संरक्षण कक्षाशी बोला आणि मुलाला घरी पाठवण्याआधी पुढचे ठरवा.

पालकांना हे माहीत नसते, म्हणून सांगा: मुलाला पोलीस ठाण्यात न्यावे लागत नाही. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात, विश्वासाचे माणूस सोबत असते, आणि गुन्हा नोंदवला नसला तरी तपासणी व उपचार मिळतात. रुग्णालयाने ते मोफत द्यायचे आहेत. घटना ताजी असेल तर तपासणीआधी आंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत, ते कागदी पिशवीत ठेवावेत. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचे असते. समिती खटला संपेपर्यंत साथ देणारी सहायक व्यक्ती नेमू शकते. अर्थसाहाय्यासाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, तिची चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करावी.

मुलाचे नाव, फोटो, घर, शाळा यांतले काहीही बाहेर जाऊ देऊ नका. कलम २३ ने ते उघड करणे गुन्हा ठरवले आहे, आणि शिक्षकांच्या ग्रुपवरचा ‘आपल्या केंद्रातल्या अमुक शाळेतली मुलगी’ हा संदेश मुलाला तितकाच उघडा पाडतो. पाठांच्या फोटोंचेही तसेच. अहवालाला फोटो लागतच असेल, तर फक्त तक्त्याचा द्या.

वर्गात त्या मुलाशी पूर्वीसारखेच वागा. त्याला पुढच्या बाकावर बसवणे, अचानक लाड करणे, इतरांना ‘त्याला त्रास देऊ नका’ असे सांगणे, या सगळ्याने वर्गाला कळते.

११. पाठ संपल्यावर

मुले लवकर विसरतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक, जानेवारीत एक आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एक अशी उजळणीची तासिका ठेवा. उन्हाळ्याआधीची चुकवू नका, पण ती शेवटच्या आठवड्यात नको. मामाच्या गावी, लग्नघरी, गर्दीत झोपायच्या जागा बदलतात, त्या आधी नियम ताजा हवा.

लेखी परीक्षा घेऊ नका. तीन न पाहिलेली कार्डे दाखवून प्रत्येक मुलाला विचारा. नियम मोडला की नाही हे सांगता येते का, आणि सांगायला दोन माणसे आठवतात का, एवढे तपासा. निर्धोक कार्डालाही मूल ‘नियम मोडला’ म्हणू लागले, तर पाठाने भीती जास्त घातली आहे. पुढची तासिका आजीच्या तेलाच्या, नर्सबाईंच्या आणि पाठीवरच्या थापेच्या कार्डांवर घ्या.

वर्ष संपताना हातांची चित्रे मुलांच्या हाती घरी पाठवू नका, कपाटात ठेवा. पुढच्या वर्गाला शिक्षक बदलणार असतील, तर शाळेच्या बोटावर कुणाकुणाचे नाव होते याची यादी नव्या शिक्षकांना द्या. त्यातले कुणी बदली होऊन गेले असेल, तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात त्या मुलांकडून नवे नाव ठरवून घ्या.